इंग्रजी वाक्याची घडण : लेखांक सातवा — गत गोष्टीविषयीचा तर्क

मागील लेखांकात ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ ही साहाय्यक क्रियापदे वर्तमानकाळी कशी योजावीत हे आपण पाहिले. त्यांच्याच आधारे होऊन गेलेल्या गोष्टीविषयी कसे बोलावे हा आजचा विषय असून, २००० सालापासून महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जात असतानाही आपला विद्यार्थी नेमका याच ठिकाणी अडखळतो.

भंडाऱ्यानजीक कारध्याच्या पुलावर आषाढात उभे राहिले असता, इकडे आकाश निरभ्र असूनही वैनगंगेचे पाणी गढूळ होऊन चढत चालल्याचे कधीकधी दृष्टीस पडते, आणि नदीचा उगम मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात आहे हे जाणणारा मनुष्य सहज उद्गारतो, ‘वर पाऊस झाला असावा.’ यातील पाऊस कालचा, तर्क मात्र आताचा. इंग्रजीत ‘इट मस्ट हॅव रेन्ड’ म्हणताना हे दोन्ही अंश पृथक् दिसतात : ‘मस्ट’मध्ये बोलणाऱ्याच्या मनाची आताची खात्री असते, ‘हॅव रेन्ड’मध्ये घडून गेलेली घटना. विद्यार्थी ‘मस्ट रेन्ड’ असे लिहितो, कारण भूतकाळ म्हटला की क्रियापदाचे रूप पालटावे एवढेच त्याच्या मनावर ठसलेले असते. वस्तुतः साहाय्यकामागून मूळ रूपच येत असल्याने भूतकाळाचा सर्व भार ‘हॅव’ला वाहावा लागतो. खात्री उणी असेल तर ‘मे हॅव’ अथवा ‘माइट हॅव’, आणि घडणे असंभवनीय वाटल्यास ‘कान्ट हॅव’. ही रचना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. ‘तलाठी एव्हाना आले असतील’ असे म्हणताना आपणही भविष्यकाळी रूप निःशंकपणे गत गोष्टीस लावतोच, आणि इंग्रजीतील ‘विल हॅव’ तंतोतंत तेच कार्य करते.

पुष्य नक्षत्र सरले, पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडले, आणि शेतकरी म्हणाला, ‘रोवणी आटोपायला हवी होती.’ येथे ‘शुड हॅव’ योजावे; काम झाले नाही हा खेद त्यातच सामावलेला असतो. गत काळातील सक्ती मात्र ‘मस्ट हॅव’ने कदापि व्यक्त होत नाही. मुदत संपण्यापूर्वी तहसील कचेरीत अर्ज दाखल करणे भाग पडले, हे ‘आय हॅड टू सबमिट’ असेच सांगावे. ‘आय मस्ट हॅव सबमिटेड’ म्हटल्यास ‘मी अर्ज दिला असावा’ असा निराळाच अर्थ निघून, अर्जदारालाच त्याचे स्मरण नाही असे ऐकणारा समजेल.

राहता राहिले ‘वुड’. आजोबा दर हंगामात बैलगाडीने धान तुमसरच्या बाजारात नेत, या रीतिभूतकाळासाठी ते चपखल आहे. परंतु ‘गावात पूर्वी मोठा वाडा होता’ अशा स्थितिदर्शक वाक्यात ते चालत नाही, तेथे ‘यूज्ड टू’ हवे.

पुढील लेखांकापूर्वी वाचकांनी आपल्या नित्याच्या बोलण्यातील ‘असावा’, ‘असेल’ आणि ‘हवे होते’ यांची गत गोष्टीविषयीची वाक्ये टिपून ती इंग्रजीत लिहून पाहावीत, आणि प्रत्येक ठिकाणी ‘हॅव’ आले आहे ना, याची खातरजमा करावी.