लेणी जपणाऱ्या हातांचे शिक्षण

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे सौंदर्य आपल्याकडे पुष्कळ वर्णिले जाते. ती टिकविण्याच्या विद्येविषयी मात्र फारच थोडे लिहिले जाते. ही विद्या श्रद्धेने येत नाही, ती शिकावी लागते. आणि एका काळाचे ज्ञान दुसऱ्या काळात अपुरे ठरते.

१९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने अजिंठ्याच्या जतनासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी खडकाशी पक्का बसविला, हे त्यांचे उपकारच होत. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला, त्यात धूळ अडकली; तो काढण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांना कित्येक वर्षे खपावे लागले.

अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू, त्यावर पातळ पांढरा लेप आणि कोरड्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालविलेले रंग, अशी ती रचना आहे. पाणी लागताच रंग सुटतो. तूस व तंतू कीटकांचे खाद्य होतात. गर्दीच्या श्वासानेही दमटपणा वाढतो. म्हणूनच या क्षेत्रातील प्रशिक्षणात हात लावण्याआधी पाहणे व नोंदविणे शिकवितात, आणि शक्यतो पुढे काढून टाकता येईल असाच उपचार करावा, हा दंडक घालून देतात.

चित्रे सर्वत्र नाहीत, शिलालेख मात्र पुष्कळ आहेत. जुन्नर येथे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे दान दिल्याचे आपल्याला कळते ते दगडावरील मोजक्या ब्राह्मी अक्षरांमुळेच. राजांच्या चरित्रांत या माणसांना जागा नाही. अशा अक्षरांवरील शेवाळ श्रमदानात तारेच्या ब्रशने खरवडणे, छायाचित्रासाठी त्यांत खडू वा रंग भरणे, हा उत्साह आम्हाला शत्रूइतकाच भयावह वाटतो. तिरप्या प्रकाशात तीच अक्षरे दगडाला स्पर्श न करता वाचता येतात. शिवाय संरक्षित स्मारकाला इजा पोहोचविणे हा १९५८ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

शिकण्याची ठिकाणे आहेत: पुण्याचे डेक्कन कॉलेज, लखनौची १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा, ग्रेटर नोएडा येथील पुरातत्त्व संस्था. परंतु हे शिक्षण मुख्यतः पदवीधरांसाठी आहे. लेण्यात रोज उभा राहणारा पहारेकरी, मार्गदर्शक आणि दुरुस्ती करणारा गवंडी तेथवर पोहोचत नाही. आणि पहिली भेग दिसते ती त्यालाच.

लेण्यांजवळच्या विहारांना यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. रविवारी ब्राह्मीचा वर्ग चालवावा. पावसाळ्याआधी व नंतर ठरलेल्या जागेवरून तेच छायाचित्र घ्यावे. गळती कोठे, ओल किती उंच चढली, याची तारीखवार वही ठेवावी आणि तिची प्रत पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. पोच घेण्यास विसरू नये.