चांद्याच्या तुरुंगातला पिंपळ

आमचा लोकसभा मतदारसंघ गडचिरोली-चिमूर. २००९च्या निवडणुकीपासूनचा. चिमूरच्या माणसाचं अहेरीकडे काही काम निघत नाही, अहेरीच्या माणसाचं चिमुरात. खासदार तेवढा एक. वीरही वेगवेगळे. चिमुरात १६ ऑगस्ट १९४२चा उठाव आणि त्यातले हुतात्मा बालाजी रायपूरकर. प्राणहितेच्या काठी मात्र बाबूराव पुल्लेसुरबापू शेडमाके.

बाबूराव मोलमपल्लीचे जमीनदार, वय पंचविशीचं. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ साली खालसा झालं आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मार्च १८५८ मध्ये बाबूरावांनी गोंड आणि रोहिले जमवून राजगड परगण्यात उठाव केला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन मागावर होता, पण हे जंगल ओळखीच्यालाच वाट देतं.

सगळं फिरलं ते २९ एप्रिलला. प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीजवळ तारखात्याच्या माणसांचा तळ पडला होता. रात्री त्यावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला आणि त्याने क्रिक्टनला गाठलं. एरवी जंगलातल्या एका जमीनदाराची बंडाळी सरकारने सावकाश मोडली असती. पण १८५७ नंतर इंग्रजांचा सारा भरवसा तारेवर होता, आणि घाव नेमका तिथे बसला. बाबूरावांना पकडून देण्यासाठी क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. बाबूराव एकदा हाती लागून निसटले. सप्टेंबरमध्ये पुन्हा पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. लक्ष्मीबाईंना बंडखोरांच्या जप्त जमीनदारीतली गावं बक्षीस मिळाली. आपल्या वीरकथांमध्ये ही गावं सहसा येत नाहीत. मला तर ती फाशीइतकीच महत्त्वाची वाटतात.

असंच परक्या सत्तेविरुद्ध उठलेल्या पोलंडच्या तादेउश कोश्चुश्कोची आठवण इथे होते. ४ एप्रिल १७९४ला रात्स्लाविच्येच्या लढाईत त्याचे शेतकरी गवत कापायची लांब पाती दांड्याला उभी बसवून रशियन तोफांवर चालून गेले आणि जिंकले. ऑक्टोबरमध्ये तो जखमी होऊन पकडला गेला. पण सुटला, म्हातारा होऊन १८१७ साली स्वित्झर्लंडमध्ये वारला. पुढे क्राकूवच्या लोकांनी त्याच्या रणांगणांवरची माती वाहून आणून टेकडीएवढं स्मारक रचलं. त्याची पत्रं, जाहीरनामे सगळं शिल्लक आहे. बाबूरावांच्या हातचं काय उरलं? त्यांचा उठाव कागदावर आला तो पकडणाऱ्यांच्याच लेखणीतून: मेजर ल्यूसी स्मिथच्या १८६९च्या जमाबंदी अहवालातून आणि नंतरच्या गॅझेटियरमधून. दोन्हींत ते बंडखोर.

दुसरा दप्तरखाना लोकांच्या तोंडी. फासाचा दोर पुन्हा पुन्हा तुटला, म्हणतात. अहवालात हे सापडणार नाही. पण सहा महिने हुलकावणी देणाऱ्या माणसाबद्दल गावाने असंच बोलावं.

२००९ साली, १२ मार्चला, त्यांच्या जन्मदिनी टपाल तिकीट निघालं. इंग्रजांच्या तारखात्यावर घाव घालणारा माणूस पोस्टाच्या तिकिटावर! याचं हसू आमच्याकडे कुणाला आलं नाही, मला मात्र येतं.

फाशीची जागा म्हणून दाखवतात तो पिंपळ चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात आहे. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आगेमागे, गळ्यात पिवळे शेले घातलेली माणसं तिथे जमतात. मागच्या खेपेस एक म्हातारी बुंध्याला हात लावून बराच वेळ उभी होती. मी विचारलं, "कुठून आल्या, माय?" तिने गावाचं नाव सांगितलं, मला ते कळलं नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "लई दूर हाय, बाबू. नदीच्या पल्याड." आणि मुठीतले तांदूळ मुळाशी सोडले.