लेथ घेतलात, पण तो उभा कशावर करणार?



लाकडी लेथचा व्हिडिओ टाकला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कोणतं मशीन घेऊ?" स्टँड कसा करू, असं विचारणारा लाखात एक. पण मशीन घेऊन दोन महिने झाले की फोन सुरू होतात. "लाटण्यावर लहरी उठतात." "मशीन चालता चालता सरकतं." "तासाभरात कंबर धरते." यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मशीनमध्ये नसतं, मशीनच्या खाली असतं.

मी स्वतः हीच चूक केली आहे. पहिला छोटा लेथ आणला तेव्हा दुकानात एक जुनं लोखंडी टेबल पडून होतं, त्यावरच तो ठेवला. खर्च वाचला म्हणून खूश! पहिली ऑर्डर ६० लाटण्यांची. त्यातली २१ परत आली. दुकानदार म्हणाला, "हाताला खडबडीत लागतात, गिऱ्हाईक घेत नाही." मी आधी छिन्नीला दोष दिला, मग लाकडाला. एका संध्याकाळी टेबलाच्या कोपऱ्यावर पाण्याची वाटी ठेवली आणि मशीन सुरू केलं. पाणी नुसतं थरथरत होतं. टेबल थरथरत होतं म्हणजे लाकूड आणि छिन्नीही थरथरत होती, आणि त्या थरथरीच्या रेघा लाटण्यावर उमटत होत्या.

आता हिशोब बघा. २१ लाटणी पुन्हा घासायला प्रत्येकी १० मिनिटं धरा. साडेतीन तास झाले, वर पॉलिश पेपर वेगळा. त्या साडेतीन तासांचे पैसे कुणीच देत नाही. आणि दुकानदाराच्या मनात आपल्या मालाबद्दल जी शंका बसली, ती तर वहीत मांडताही येत नाही.

जुने कातारी जमिनीवर का बसायचे?

जुन्या पद्धतीच्या हातलेथवर कातारी जमिनीवर बसून काम करायचा. त्याचं मशीन थेट जमिनीला टेकलेलं, म्हणजे जमीन हाच त्याचा स्टँड, आणि जमीन काही हलत नाही. आपण विजेचा लेथ उचलून चार पायांवर ठेवला, तेव्हा ती स्थिरता आपल्यालाच तयार करावी लागते. चांगला स्टँड म्हणजे एवढंच.

पहिली गोष्ट: उंची

रोजची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभे राहा. दंड अंगाला सरळ ठेवा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या. लेथच्या मधल्या अक्षाची, म्हणजे लाकूड ज्या दोन टोकांमध्ये फिरतं त्या रेषेची उंची एवढीच हवी. एखादा इंच वर चालेल, खाली नको.

समजा कोपर ४२ इंचांवर आलं आणि मशीनच्या तळापासून अक्षापर्यंत १० इंच भरले. मग स्टँड ३२ इंचांचा. पायाखाली मॅट टाकणार असाल तर मॅटवर उभं राहूनच मोजा. माप न देता फॅब्रिकेटरकडे गेलात तर तो लिहायच्या टेबलाएवढा, ३० इंचांचा स्टँड करून देईल, आणि दिवसभर वाकून काम तुम्ही करणार.

घरात दोघं जण काम करत असतील तर उंच माणसाच्या मापाचा स्टँड करा आणि दुसऱ्यासाठी पायाखाली रुंद, न डगमगणारी फळी ठेवा. फळी ठेवून माणूस उंच करता येतो, स्टँड रोज कापता येत नाही.

दुसरी गोष्ट: वजन

छोटा लेथ साधारण ३०–४० किलोचा असतो. त्यावर ओबडधोबड लाकूड फिरायला लागलं की काय होतं? समजा अक्षापासून १० सेंटीमीटरवर एका बाजूला १०० ग्रॅम लाकूड जास्त आहे. ६०० आरपीएमला ते साधारण ४ किलोच्या जोराने बाहेर ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला १० वेळा दिशा फिरवते. वेग दुप्पट, म्हणजे १२०० केला तर जोर चौपट होतो, जवळजवळ १६ किलो. म्हणून ओबडधोबड लाकूड नेहमी कमी वेगावर सुरू करायचं, आणि म्हणूनच स्टँड जड हवा.

जडपणा स्वस्तात मिळतो. स्टँडच्या खालच्या भागात २ फूट लांब, १ फूट रुंद आणि ६ इंच उंच पेटी करा. हा झाला एक घनफूट. त्यात कोरडी वाळू भरली की साधारण ४५ किलो वजन वाढतं. वाळू खरंच कोरडी हवी. दुहेरी प्लास्टिक पिशव्यांत बांधून ठेवा, नाहीतर कोकणासारख्या दमट हवेत पेटीचा पत्रा गंजतो. शिवाय स्टँड हलवायचा झाला तर पिशव्या काढून ठेवता येतात.

तिसरी गोष्ट: पाय आणि जोड

पाय खाली रुंद, वर अरुंद. धक्के मुख्यतः पुढे-मागे बसतात, म्हणून त्या दिशेला पाय फाकलेले हवेत. वर १४ इंच असतील तर खाली २४ इंच ठेवा. पुढचे पाय मात्र इतके बाहेर नकोत की आपलाच पाय अडकेल. बाजूंना तिरप्या पट्ट्या, म्हणजे कैच्या, हव्यातच. नुसत्या चार पायांचा चौकोन कितीही जाड पाइपचा असला तरी डोलतो.

लोखंडात करायचा तर ५० बाय ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा स्क्वेअर पाइप घ्या. ६ मीटरच्या दोन पाइपांत पाय, वरची-खालची चौकट आणि कैच्या निघतात. हा पाइप मीटरला साधारण सव्वाचार किलो भरतो, म्हणजे सगळा मिळून पन्नासेक किलो. फॅब्रिकेटर भाव किलोवर सांगतो, त्याला ५० ने गुणा. अंदाज हातात.

लाकडात करायचा तर जुन्या चौकटीचं ३ बाय ३ इंची लाकूड उत्तम. पण जोड नट-बोल्टचे करा, खिळ्यांचे नाही. थरथरीने खिळे सैल होतात. बोल्टला स्प्रिंग वॉशर लावा आणि महिन्यातून एकदा पाना फिरवा. वरच्या फळीसाठी १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून घ्या.

चाकं नकोत. लावायचीच असतील तर काम करताना वर उचलली जातील आणि पाय फरशीला टेकतील अशीच लावा. पायाखाली जाड मऊ रबर घातलं तर मशीन उड्या मारतं. पातळ कडक पॅड पुरे.

बसवताना

आपली फरशी कधीच सरळ नसते. म्हणून प्रत्येक पायाला खाली-वर होणारा १२ मिलिमीटरचा बोल्ट ठेवा आणि स्पिरिट लेव्हलने सपाटी बघा. मग लेथचे बोल्ट हळूहळू, आलटून पालटून आवळा. वरची फळी वाकडी असेल तर बोल्ट आवळताना मशीनच पिळतं. तपासायचं कसं? हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची टोकं एकमेकांजवळ आणा. आवळण्याआधी भिडत होती आणि नंतर सरकली, तर ज्या कोपऱ्यात फट आहे तिथे पत्र्याचा पातळ तुकडा घाला.

तीन गोष्टी जिवाच्या आहेत. लोखंडी स्टँडला अर्थिंग करून घ्या. बंद करायचा स्विच अशा जागी लावा की फिरत्या लाकडावरून हात न नेता, जमलं तर मांडीच्या धक्क्यानेही दाबता येईल. आणि छिन्न्यांचा रॅक मशीनच्या मागे लावू नका, कारण छिन्नी घ्यायला रोज फिरत्या लाकडावरून वाकावं लागतं.

तयार घ्यावा की करून घ्यावा?

कंपनीचा तयार स्टँड वाईट नसतो. घेताना दोनच गोष्टी बघा. बोल्टची भोकं आपल्या मशीनला जुळतात का आणि उंची आपल्या कोपराला जुळते का. मग वरची कड धरून पुढे-मागे आणि तिरपं जोरात हलवा. रिकामा स्टँड दुकानात डोलला, तर मशीन बसवल्यावर घरीही डोलणारच.

कर्ज काढून मशीन घेणाऱ्यांसाठी एक सूचना. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आणि पारंपरिक खेळणी बनवणं, हे दोन्ही व्यवसाय आहेत. पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं. कर्ज कुठूनही घ्या, पण खर्चाच्या यादीत लेथच्या खालीच स्टँडची ओळ लिहा. नाहीतर पैसे संपतात आणि मशीन माझ्यासारखं जुन्या टेबलावर जातं.

माझ्या लेथला नवा स्टँड केल्यावर पुढच्या ऑर्डरीतली दोन लाटणी परत आली. त्या दोन्ही माझ्या हाताच्या चुका होत्या, आणि हाताची चूक सरावाने सुधारते. टेबलाची थरथर कितीही सराव केला तरी सुधारली नसती.

आज एवढंच करा. चप्पल घाला, घरातल्या कुणाला तरी टेप धरायला सांगा आणि कोपराची उंची कागदावर लिहा. मशीन अजून घेतलं नसेल तरी चालेल. तो कागद खिशात घेऊनच फॅब्रिकेटरकडे जा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.