‘अडू’ शब्दाची कुळकथा

इंग्रजी पाठात ‘विदाउट मोअर अडू’ असे शब्द आले, की ‘अधिक गडबड न करता’ हा अर्थ फळ्यावर लिहिला जातो आणि मुले तो पाठ करतात. अर्थ बरोबरच आहे. पण या ‘अडू’चे कूळ विचारून पाहा, त्यात इतिहासाचा एक चांगला धडा आहे.

‘अडू’ दिसायला एक शब्द. मुळात ते दोन, ‘अ‍ॅट’ आणि ‘डू’. ‘डू’ म्हणजे करणे, हे तुम्ही जाणताच. इथला ‘अ‍ॅट’ मात्र नेहमीचा, स्थळ दाखवणारा नव्हे. ‘करायला’ म्हणायचे तर इंग्रज ‘टू डू’ म्हणतो. या ‘टू’चे काम जुन्या नॉर्स भाषेत ‘अ‍ॅट’ करीत असे. तेव्हा ‘अ‍ॅट डू’ म्हणजे करावयाचे काम, एवढेच!

आता ही नॉर्स भाषा इंग्लंडात आली कोठून? नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे दर्यावर्दी, म्हणजे व्हायकिंग, तलवार घेऊन आले. ८६६ साली त्यांनी यॉर्क शहर घेतले. पुढे त्यांतले पुष्कळजण उत्तरेकडे जमीन कसू लागले, सोयरिकी जुळल्या. वस्तूंची नावे बाजारातही उसनी मिळतात हो. पण व्याकरणाचा सांधा उसना घ्यायचा तर एका चुलीपाशी नांदावे लागते. अनेकवचनी ‘ते’ या अर्थाचा इंग्रजी ‘दे’ हाही त्याच सहवासाचा. आपल्याकडे ‘आणि’च्या जोडीला बसलेला ‘व’ असाच फार्सीतून आला.

मग ‘कामा’ची ‘गडबड’ कशी झाली? काम निघाले की धावपळ आलीच, आणि कधी कधी कामापेक्षा धावपळच मोठी दिसते. आपली ‘उठाठेव’ पाहा ना. उचलणे नि ठेवणे, दोन्ही साध्या क्रिया. पण ‘नसती उठाठेव’ म्हटले की कपाळाला आठी पडते. १६०० साली छापलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’ या शेक्सपिअरच्या नाटकात हीरो नावाच्या निरपराध मुलीवर आळ येतो, भर लग्नात तिला नाकारतात, आणि शेवटी आळ खोटा ठरतो. मुळात काहीच नाही, गहजब मात्र केवढा!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, अर्थ सांगण्याआधी असा शब्द मुलांपुढे फोडून दाखवा. मग तो पाठ करावा लागत नाही. आणि कालचे शत्रू उद्याचे शेजारी होतात, हेही मुलांना त्यातच कळते.