काळा थर

दंतवैद्याकडे असते तशी गरगरणारी बारीक सुई माझ्या हातात, आणि भिंगाखाली बोटाएवढं, शाईत बुडवून काढल्यासारखं काळं प्रवाळ. डेस्मोफायलम डायँथस. घाट आइस्क्रीमच्या कोनाचा. आत अळंबीच्या छत्रीखाली असतात तसे पातळ उभे पडदे. काळा थर नेमका त्यांच्या सांदीत जाऊन बसतो.

"पोवळंच ना ते? मंगळासाठी एक आण हो," आत्या फोनवर म्हणाली. अंगठीतलं पोवळं निराळं, हे निराळं. हे खोल, गार, मिट्ट काळोखातलं. उन्हावर जगणारं शेवाळ याच्या अंगात नसतं. प्रवाह आणून देईल ते खायचं. म्हणून याची वस्ती पाणी खळखळतं असेल अशा समुद्रतळच्या डोंगरांवर.

थर लोह-मँगनीजचा, मेलेल्या सांगाड्यावर साचलेला. नुसता मळ असता तर राहू दिला असता. पण वय काढायचं ते युरेनियम-थोरियमवरून. समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं, थोरियम जवळजवळ नाहीच. म्हणजे सांगाड्यातलं थोरियम-२३० तिथल्याच युरेनियमपासून झालेलं. मात्र पाण्यात जे थोडंफार थोरियम असतं, ते चिकट. या काळ्या थराला धरून बसतं. थर कणभर राहिला की प्रवाळ उगाच म्हातारं ठरतं. आणि जोर जास्त लागला तर पडदा मोडतो. माझा पहिला नमुना तसाच गेला. दिवसभर कुणाशी बोलले नाही.

त्याच सांगाड्यात दुसरं घड्याळ आहे, कार्बन-१४चं. पाणी वर असताना हवेतून कार्बन-१४ घेतं. खोल गेलं की पुरवठा तुटतो आणि असलेला ५,७३० वर्षांत निम्मा होतो. दोन्ही वयांतला फरक सांगतो, प्रवाळाभोवतीचं पाणी हवेपासून केव्हाचं दुरावलं होतं.

जेस अ‍ॅडकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये वायव्य अटलांटिकमधली, सुमारे १,८०० मीटर खोलीवरची, १५,४०० वर्षांपूर्वीची प्रवाळं अशी तपासली. त्यांचं आयुष्य ३० ते १६० वर्षांचं. तेवढ्यात काहींच्या भोवतालच्या पाण्याचं कार्बन-वय जास्तीत जास्त ६७० वर्षांनी वाढलं होतं! पाणी जागच्या जागी इतक्या लवकर म्हातारं होत नाही; दुसरीकडचं जुनं पाणी तिथं येऊन पोचलं होतं.

म्हणून मीही आज बूड आणि काठ वेगळे कापले. बूड आधीचं, काठ शेवटचा. दोन कुप्या, दोन चिठ्ठ्या. काठाच्या तुकड्यावर एक काळा ठिपका अजून दिसतोय. सुई पुन्हा लावते.