एमबीबीएस हुकलं तरी रुग्णालयाचं दार बंद नाही

नीटचा निकाल लागला की सीमाभागातल्या कितीतरी घरांत एकच विषय असतो: मार्क कमी पडले, आता पोरानं करायचं काय? पण रुग्णालय काही फक्त डॉक्टरांवर चालत नाही. डायलिसिसचं मशीन, व्हेंटिलेटर, हृदयातली कृत्रिम झडप बनवणारी आणि तपासणारी माणसंही लागतात. मात्र ती नुसत्या वर्गात बसून तयार होत नाहीत.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत रुग्णालय आणि उपकरणं विकसित करणारा विभाग एकाच छताखाली म्हणावेत असे चालतात. हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकारानं तिथे देशी झडपेवर काम सुरू झालं. कारण साधं होतं, परदेशी झडप गरिबाला परवडत नव्हती. हृदयातली झडप दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडझाप करते. इतका मार सोसणारं साहित्य शोधणं म्हणजे गंमत नव्हे. आधीचे तीन नमुने बाद झाले, चौथा टिकला. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली. आज ही संख्या लाखाच्या पुढे आहे. शस्त्रक्रिया करणारा आणि झडप घडवणारा रोज एकमेकांशी बोलत नसते, तर हे झालं नसतं.

हीच पद्धत आता अभ्यासक्रमात आली आहे. आयआयटी मद्रास, श्री चित्रा आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगमध्ये एमटेक चालवतात. तिन्हीकडे शिकायचं, प्रत्यक्ष रुग्णालयातही काम करायचं. प्रयोगशाळेत नीट चालणारं मशीन वॉर्डात का अडतं, हे तिथेच कळतं. वीज खालीवर होते, हातमोजे घातलेल्या नर्सला बारीक बटण दाबता येत नाही, सारखा वाजणारा अलार्म शेवटी कुणीतरी बंदच करून टाकतं. पुस्तकात हे कुठे सापडणार?

वाट सोपी आहे असं मात्र कुणी समजू नये. आधी इंजिनिअरिंगची पदवी, मग गेट परीक्षा, आणि जागा मोजक्याच.

बायोमेडिकल शाखा आता बऱ्याच कॉलेजांत आहे. प्रवेशाआधी पालकांनी फी विचारावीच, पण पोरं वर्षातून किती दिवस रुग्णालयात असतात आणि तिथे नक्की काय करतात, हेही विचारावं. रुग्णालयाशी झालेला करार फक्त भिंतीवर फ्रेम करून लावलेला असेल, तर दुसरं कॉलेज बघावं.