केस लढायला बंगळुरूला जावं लागत नाही

"कंपनी बंगळुरूची. केस करायची तर तिकडे खेटे घाला!" जुहूतल्या सोसायट्यांच्या गेटवर, पार्सलांच्या ढिगाशेजारी हे ठाम मत हमखास ऐकू येतं. वर मोबाइलवर कंपनीच्या अटी उघडून दाखवतात: वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात.

अहो, त्या अटी कंपनीनं लिहिल्यात, संसदेनं नव्हे! १९८६ च्या कायद्यात तक्रारदाराच्या राहत्या जागी तक्रार करण्याची वेगळी सोय नव्हती, हे खरं. पण २० जुलै २०२० पासून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू आहे. त्याचं कलम ३४ सांगतं, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरीधंदा करता, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. जुहूकरांसाठी तो वांद्रे पूर्वेला आहे. शिवाय ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. वकील सक्तीचा नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. अटींत लवादाचं कलम असेल तर? तरीही ग्राहक आयोगाकडे जाता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केलंय.

"ट्विटरवर बोंब मारल्याशिवाय कोणी हलत नाही," हा दुसरा समज. डिसेंबर २०१८ मध्ये जुहूच्याच सोनाक्षी सिन्हानं सुमारे १८ हजारांचे हेडफोन मागवले आणि खोक्यातून निघाला लोखंडाचा तुकडा. तिनं फोटो टाकला, कंपनीनं लगेच माफी मागितली. आपल्यामागे एवढे फॉलोअर नसले तरी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची.

"नो रिटर्न लिहिलंय म्हणजे संपलं." नाही. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू विक्रेत्याला परत घ्यावीच लागते.

"खोकं उघडतानाचा व्हिडिओ नाही, म्हणजे केस नाही." व्हिडिओ असला तर उत्तमच, पण कायद्यात तशी सक्ती कुठेही नाही. बिल, फोटो, चॅट जपून ठेवा.

"१९१५ वर फोन केला, म्हणजे केस झाली." ही ग्राहक हेल्पलाइन मध्यस्थी करते, भरपाईचा आदेश देत नाही. आयोगाकडे जायची दोन वर्षांची मुदत तिकडे चालूच राहते. तक्रार कशी लिहायची हेच अडत असेल, तर कूपर हॉस्पिटलमागच्या ग्राहक भवनात मुंबई ग्राहक पंचायत आहे. १९७५ पासून ती ग्राहकांसाठी काम करतेय.